गिरगाव ते लालबाग : बेटावरच्या जुन्या गावाचा वारसा

परळची शिळा

१९३१ साली परळ आणि शिवडीच्या दरम्यान रस्त्याचं काम चालू होतं. त्या खोदकामात जमिनीखालून पांढऱ्या दगडाची एक प्रचंड शिळा वर आली. उंची सुमारे साडेतीन मीटर. तिच्यावर मधोमध शिव उभा आहे. त्याच्या खांद्यामागून दुसरा शिव वर येतो, त्याच्यामागून तिसरा, आणि या उभ्या रांगेतून दोन्ही बाजूंना आणखी आकृत्या झेपावतात. अशा सात मूर्ती आणि पायथ्याशी वाद्यं वाजवणारे गण. अभ्यासकांनी ही शिळा पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आसपासच्या काळातली मानली आहे. आज ती परळच्या बारादेवीच्या देवळात आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला आहे आणि परळकर तिला देव म्हणून हात जोडतात.

मुंबईचा इतिहास किल्ल्यातल्या इंग्रजी इमारतींपासून सुरू होतो, असा आपला एक समज असतो. परळची शिळा तो समज मोडते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा पट्टा इंग्रजांच्या आधीपासून वसलेला आहे. माहीमला बिंब राजाची राजधानी होती, असं ‘महिकावतीची बखर’ सांगते; वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसईच्या तहाने ही बेटं पोर्तुगीजांना दिली. दादरचं पोर्तुगीज चर्च १५९६ साली स्थापन झालं; १९७०च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी त्याची आजची वास्तू उभी केली, पण जागा तीच राहिली. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. त्या सगळ्या उलथापालथीत इथे कोळीवाडे होते, भातशेती होती, नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या आणि ग्रामदेवता होत्या. महानगर या गावांच्या अंगावर वाढलं. त्यामुळे इथला वारसा शोधायचा, तर तो थर उलगडत शोधावा लागतो.

एक इमारत की अख्खं गाव?

जुन्या गावाचा वारसा कसा जपतात, हे पाहायला रशियाचं उदाहरण उपयोगी पडतं. मॉस्कोच्या ईशान्येला सुझ्दल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या इतिहासग्रंथांत त्याचा पहिला उल्लेख १०२४ सालचा. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग सुझ्दलला वगळून गेला, कारखाने आले नाहीत, आणि गाव मागे पडलं. पण त्या मागे पडण्यामुळेच त्याची घडण शाबूत राहिली. पुढे ती जाणीवपूर्वक जपली गेली. आजही तिथे नव्या बांधकामाची उंची मर्यादित ठेवतात, त्यामुळे चर्चचे घुमट घरांच्या वर दुरूनही दिसतात. व्लादिमिर आणि सुझ्दल इथल्या पांढऱ्या दगडातल्या वास्तू १९९२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. १९६७ पासून अशा जुन्या गावांची एक साखळीच ‘सुवर्णवलय’ या नावाने प्रवाशांना परिचित झाली.

सुझ्दलमध्ये गावाची उंची, रस्त्यांचा आकार, नदीकाठ, घरांमधली मोकळी जागा हे सगळं मिळून वारसा मानलं गेलं. मुंबईत मात्र आपण आधी एकेकट्या इमारतींची यादी केली. शिवाय सुझ्दलला रेल्वेने टाळलं, तर परळ-लालबागच्या नशिबी रेल्वे, गिरणी आणि लाखो माणसं सगळं एकदमच आलं. इथला वारसा शांततेत टिकलेला नाही, गर्दीत घडलेला आहे. तो कळायला वाडी, चाळ, गिरणी आणि आखीव कॉलनी ही चार रूपं समजून घ्यावी लागतात.

वाडी

गिरगावच्या मुख्य रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना बोळ फुटतात. फणसवाडी, झावबावाडी, कांदेवाडी, गायवाडी, खोताची वाडी. या बोळात शिरलं की रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. वाडीची रचना साधी होती. जमिनीचा एक मालक, आत जायला एकच वाट, मध्ये विहीर किंवा चौक, एखादं देऊळ आणि त्याभोवती घरं. मालक बहुतेक वेळा स्वतः तिथेच राहायचा आणि आपल्या ओळखीच्या, ज्ञातीच्या किंवा गावच्या बिऱ्हाडांना जागा द्यायचा. झावबांचं राममंदिर, फणसवाडीतलं व्यंकटेश मंदिर, फडके गणपती मंदिर ही देवळं वाडीच्या जीवनाचा कणा होती. गुढीपाडव्याची आजची प्रसिद्ध शोभायात्राही फडके गणपती मंदिरापासूनच निघते.

या सगळ्यांत खोताची वाडी वेगळी. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते. इथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी जमिनी घेऊन घरं बांधली. इथले मूळचे, मराठी बोलणारे हे ख्रिस्ती लोक. १८८७ साली त्यांनी ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. त्यांची घरं एक-दोन मजली, उतरत्या मंगलोरी कौलांची. पुढे ओटला, बाहेरून वर चढणारा लाकडी जिना, छपराच्या कडेला कोरीव लाकडी झालर. कोकणातल्या घराचा ओटा आणि पोर्तुगीज वळणाची बाल्कनी इथे एकाच घरात भेटतात. एकेकाळी वाडीत अशी साठाहून अधिक घरं होती. आता ती तिसाच्याही आत आली आहेत.

वाड्यांतून गिरगाव मराठी संस्थांचं माहेरघर झालं. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ साली इथे उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्याच कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. चर्नी रोड स्टेशनच्या जवळचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, १९९३ मध्ये बंद पडलं, आणि अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या या कामाला २०१७ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. मालकाची इच्छा, पैसा आणि जाणकार हात एकत्र आले, तर जुनी वास्तू पुन्हा कामाला लागते, हे या उदाहरणाने दाखवून दिलं.

चाळ

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि मुंबईचं रूप बदलायला सुरुवात झाली. रशियन साम्राज्यातल्या ओडेसात जन्मलेले डॉ. वाल्डेमार हाफकिन त्याच वर्षी मुंबईत आले. त्यांनी तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांच्या प्रयोगशाळेला परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस मिळालं. पोर्तुगीज काळातला मठ, मग इंग्रज गव्हर्नरचं निवासस्थान आणि त्यानंतर लसीची प्रयोगशाळा, असा या एका वास्तूचा प्रवास आहे. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. परळच्या इतिहासाचे तीन थर एका छपराखाली पाहायचे असतील, तर त्यासाठी याहून चांगली जागा नाही.

प्लेगमुळे दाट वस्तीचा प्रश्न सरकारच्या दारात आला. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, अस्वच्छ वस्त्या पाडल्या आणि कामकरी माणसांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. पुढे १९२०च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बीडीडी चाळी उभ्या केल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामायिक. याशिवाय गिरगाव-लालबागमध्ये खासगी मालकांच्या शेकडो चाळी होत्या. लाकडी सांगाडा, विटांच्या भिंती, लांबलचक गॅलरी आणि कठडा.

चाळीचं शास्त्र त्या गॅलरीत आहे. ती येण्याजाण्याची वाट होती, पापड वाळवायची जागा होती, मुलांचं मैदान होतं, उन्हाळ्यातली झोपायची खोली होती, आणि मुलीच्या लग्नात मांडवही होता. खोली लहान असल्याने घराचा अर्धा संसार बाहेर यायचा आणि त्यामुळे शेजार घडायचा. चाळीच्या मधला चौक म्हणजे तयार सभागृह. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो त्या चौकामुळे शक्य झाला. शांताराम चाळीत होमरूलच्या सभा भरल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशकं राहिले. कोलंबिया आणि लंडनला जाऊन परत आले ते याच चाळीत, आणि त्यांच्या चळवळीची सुरुवातीची वर्षं इथेच गेली. त्यानंतर ते हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृह’मध्ये राहायला गेले. राजगृहाला माणसं भेट देतात, ते योग्यच आहे. पण परळच्या त्या चाळीचं मोलही तेवढंच आहे.

गिरणी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागलं. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी, वरळी, लोअर परळ मिळून गिरणगाव तयार झालं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून माणसं आली. भोंग्यावर दिवस चालायचा. तीन पाळ्यांमुळे एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची. गावकरी मंडळाची खोली असायची, तिथे त्या गावची माणसं थोडं थोडं भाडं भरून राहायची, आणि ट्रंक ठेवण्यापुरती जागा प्रत्येकाला मिळायची. जेवण खानावळवाल्या बायकांकडे. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लालबागचा मसाला आणि चिवडा याच वस्तीच्या गरजेतून नावारूपाला आले.

गिरणगावचे उत्सव आणि रंगभूमीही कामगारांनी घडवली. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेशगल्लीचा गणपती १९२८ चा. १९३४ साली लालबागचा राजा बसला तो कोळी बांधव आणि बाजारातल्या विक्रेत्यांच्या नवसातून. पेरू चाळीतला बाजार उठल्यावर त्यांना हक्काची जागा हवी होती. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने परळला उभारलेल्या दामोदर हॉलमध्ये १९२२ पासून कामगारांनी नाटकं केली, कोकणातली नमनं आणि दशावतार इथल्या रंगमंचावर आले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने याच वस्तीत पोवाडे आणि लोकनाट्यं गाजवली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकेक करून थंडावल्या. मग प्रश्न उरला तो सुमारे सहाशे एकर जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला, आणि ही वाटणी सगळ्या जमिनीला न लागता मोकळ्या पडलेल्या भागालाच लागू लागली. परिणामी शहराला मिळणारी जागा फार आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांची बाजू घेतली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालयं आणि मनोरे आले. काही चिमण्या उरल्या आहेत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायची महापालिकेची योजना आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मात्र वेळेवर मोठं काम केलं. त्यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवून घेतला, आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने तो मराठीत आला.

आखीव दादर

सुधार ट्रस्टने चाळींबरोबर आणखी एक मोठं काम केलं. १८९९-१९०० च्या सुमारास दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागासाठी योजना आखली. भातशेतं आणि वाड्यांच्या जागी सरळ रस्ते, झाडांच्या रांगा, ठरावीक उंचीची घरं, इमारतींमध्ये मोकळं अंतर आणि बागा. यातून हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. पारशी कॉलनीमागे मंचेरजी जोशी या अभियंत्याची चिकाटी होती. मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतंत्र संडास-बाथरूमचा ब्लॉक मिळाला, तो इथे.

समुद्राच्या बाजूला १९२५ मध्ये महापालिकेने माहीम पार्क हे मैदान केलं. १९२७ साली, शिवजयंतीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. सुमारे अठ्ठावीस एकरांचं हे मैदान, त्याभोवतीचा कट्टा आणि गोलाकार बाल्कन्यांच्या तीन-चार मजली इमारती हे एकमेकांच्या मापाने बेतलेले आहेत. इमारती बुटक्या म्हणून मैदान विस्तीर्ण वाटतं. त्यांच्या जागी मनोरे आले, तर मैदानाचं क्षेत्रफळ तेवढंच राहील आणि तरी शिवाजी पार्क उरणार नाही.

कायदा काय करतो

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. असा नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, त्यांच्या श्रेणी ठरल्या, वारसा संवर्धन समिती नेमली गेली. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत बदल जवळपास वर्ज्य; तिसऱ्या श्रेणीत बऱ्याच बदलांना वाव. या नियमावलीने मुंबईचं मोठं भलं केलं. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामागे ही शिस्त होती. पण हे दोन्ही मान दक्षिण टोकाला मिळाले. वाडी, चाळ आणि गिरणीच्या वाट्याला असं काही आलं नाही.

२०१२ साली आणखी आठशेहून अधिक स्थळांची यादी सुचवली गेली, तिच्यात शिवाजी पार्क परिसरही होता. तेव्हा विरोध खुद्द रहिवाशांकडून झाला. त्यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण डागडुजीला मालकाकडे पैसे उरले नाहीत. १९६९ पासून सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ चालवलं, तेही अपुरं पडलं. त्यामुळे पावसाळा आला की टेकू लावलेल्या इमारतीत जीव मुठीत धरून राहायचं, किंवा बिल्डरकडून मोठं घर घ्यायचं, एवढेच दोन मार्ग माणसाला दिसतात. बीडीडीच्या १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचं स्वतःचं घर मिळणार असेल, तर ते घेणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. सामायिक संडासासमोर रांग लावण्याची सक्ती वारशाच्या नावाखाली कुणावरही करता येणार नाही.

पण याचा अर्थ सगळं पुसून टाकलंच पाहिजे, असा नाही. संपूर्ण समूहातल्या एखाद-दुसऱ्या चाळीची डागडुजी करून ती ठेवता येते. पुनर्विकासात चौक राखता येतो, गॅलरीची रुंदी नव्या मजल्यांवर आणता येते. वाडीची वाट आणि देवळापुढचं अंगण नकाशात बांधून घेता येतं. मालकाने जुनं घर टिकवावं म्हणून करात सवलत आणि हस्तांतरणीय विकास हक्क देता येतात. दामोदर हॉल २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. अशा ठिकाणी नव्या इमारतीत तेवढ्याच क्षमतेचं, परवडणाऱ्या भाड्याचं नाट्यगृह मिळेल, ही अट लेखी हवी. या गोष्टी अशक्य नाहीत. त्या आराखडा होण्याआधी मागाव्या लागतात.

आपल्या हातात काय आहे

रशियातल्या नोव्हगोरोद या जुन्या शहरात १९५१ मध्ये चिखलाच्या थरात बर्च झाडाच्या सालीवर लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. त्यानंतर अशा हजाराहून अधिक चिठ्ठ्या निघाल्या. देण्याघेण्याचे हिशेब, घरगुती निरोप, तक्रारी. तेराव्या शतकातल्या ऑनफिम नावाच्या लहान मुलाने अक्षरं गिरवून बाजूला काढलेली चित्रंही त्यात आहेत. त्या शहराच्या सामान्य माणसाचा इतिहास या सालींवरून लिहिला गेला.

आपल्याकडची अशी कागदपत्रं अजून जमिनीखाली गेलेली नाहीत. ती माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. भाड्याच्या पावत्या, चाळ कमिटीच्या सभांची वही, गणेशोत्सवाचे वर्षावर्षाचे अहवाल, गिरणीचा पास, खानावळीचा हिशेब, भजनी मंडळाचा फोटो. इमारत रिकामी करताना सगळ्यांत आधी हेच रद्दीत जातं. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था लोकांनी वर्गणी काढून उभ्या केल्या होत्या. तशीच वर्गणी, तसाच उत्साह आता या कागदांसाठी लागेल.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमची वाडी किंवा चाळ पुनर्विकासात जात असेल, तर करारावर सही करण्यापूर्वी तिचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत कोण, कुठल्या गावचं, कधीपासून राहतं ते लिहून घ्या. चौकाची मापं घ्या. सत्तरी ओलांडलेल्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करा, आणि जमलेलं सगळं जवळच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला द्या. गिरगाव-लालबागच्या जुन्या गावाचं जे काही पुढच्या पिढीला मिळेल, ते मुख्यतः तिथे राहिलेल्या माणसांनी नोंदवलेलंच असेल.